राखेवरून उतरताना

राखेवर सायकल चालवणं म्हणजे काय, हे कोटोपाक्सीच्या पहिल्याच वळणावर हातांना कळतं. हँडल वळवलं तरी सायकल वळत नाही. पुढचं चाक आडवं होऊन रुततं, त्याच्यापुढे राखेचा ढीग साचतो आणि सायकल आधीच्याच दिशेनं घसरत राहते. पुढचा ब्रेक दाबला तर चाक आणखी खोल जातं. त्यामुळे आमच्या वाटाड्यानं निघण्यापूर्वी बजावलं होतं, तेच करायचं: हँडल सैल धरायचं, वजन मागच्या चाकावर न्यायचं, नजर वळणाच्या पलीकडे ठेवायची आणि सायकलला थोडं तिच्या मनाप्रमाणे जाऊ द्यायचं. दोन-तीन वळणं अशी गेली की खांद्यांतला ताण उतरतो, आणि मग डोकं वर करून आपण कुठे आहोत ते पाहता येतं.

आपण असतो इक्वेडोरमध्ये, राजधानी क्विटोच्या दक्षिणेला, ५,८९७ मीटर उंचीच्या जागत्या ज्वालामुखीच्या अंगावर. राष्ट्रीय उद्यानाची गाडीवाट साधारण ४,६०० मीटरपर्यंत चढते. तिथून वर पायवाटेनं होसे रिवास नावाचा निवारा आणि त्याच्याही वर हिमनदी. गिर्यारोहक तिकडे जातात. सायकलवाले गाडीवाट संपते तिथेच गाडीच्या टपावरून सायकली उतरवतात, दोन स्वेटर आणि एक विंडचीटर चढवतात आणि खाली तोंड करतात.

सह्याद्रीत बरीच वर्षं सायकल चालवल्यामुळे मला वाटत होतं की ज्वालामुखीचा दगड चाकाखाली कसा लागतो ते मला माहीत आहे. आपला डोंगरही ज्वालामुखीचाच. पण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा जमिनीच्या भेगांतून पातळ होऊन बाहेर आला, थरावर थर पसरत गेला आणि थंड होऊन कठीण बेसाल्ट झाला. आपल्याला टायरखाली मिळतो तो त्या बेसाल्टचा झिजून झालेला मुरूम. तो पावसाळ्यात दबतो, उन्हाळ्यात सुटतो, पण त्याच्या खाली कुठेतरी खडक असतो आणि टायर तो शोधून काढतो. अँडीजमधला प्रकार निराळा. इथे नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली घुसतो आहे. त्याच्यासोबत खोल गेलेलं पाणी वरच्या खडकाला वितळवतं आणि त्यातून घट्ट, वायूंनी भरलेला शिलारस तयार होतो. तो शांतपणे वाहत नाही, स्फोटानं उडतो. म्हणून इथला डोंगर बराचसा भुग्याचा बनलेला आहे. राख, जाळीदार प्यूमिस, तांबडे-काळे खडे. प्यूमिसचे कण कोनदार आणि पोकळ, कोरडे असताना एकमेकांवर बसून घट्ट होत नाहीत. टायर खडक शोधत राहतो आणि तो लागतच नाही.

रंग मात्र असे, की ब्रेक दाबून थांबावंसं वाटतं. वरचा उतार विटकरी तांबडा, कारण गरम खड्यांमधल्या लोखंडाला बाहेर पडतानाच हवा लागली. मध्येच काळा पट्टा, मग राखाडी, मग पुन्हा तांबडा. रस्त्याच्या कडेला जिथे यंत्रानं उतार कापला आहे तिथे हे थर उघडे पडले आहेत. वाटाड्या एकेका थरावर बोट ठेवत बोलत होता. जाड दाण्यांचा थर म्हणजे मोठा स्फोट, पिठासारख्या राखेचा पातळ थर म्हणजे लांबलेली धुगधुग, आणि मध्ये काळपट, मुळांचे तंतू असलेला पट्टा दिसला की समजायचं, डोंगर काही शतकं झोपला होता आणि वर गवत उगवलं होतं. त्यानंतर उतरताना मी थर डोळ्यांऐवजी टायरनं ओळखायला लागले. जाड खड्यांवर सायकल थरथरते, बारीक राखेवर आवाजच बंद होतो, आणि मुळं असलेल्या जुन्या मातीवर आली की चाक एकदम पकड घेतं. त्या पकडीची हातांना इतकी सवय लागली की पुढे सगळ्या प्रवासात मी तिचीच वाट पाहत होते.

उतार संपत आला की रस्ता सरळ होतो आणि वेगळाच त्रास सुरू होतो. कोरड्या सैल रस्त्यावर गाड्या एका ठराविक वेगाच्या वर सतत जात राहिल्या की आडव्या वळ्या पडतात. कोटोपाक्सीच्या रस्त्यावर त्या मैलोनमैल आहेत. हळू गेलं तर प्रत्येक वळी मनगटापर्यंत येते, जोरात गेलं तर चाक वळीच्या माथ्यांवरून निसटतं. कडेला हातभर रुंदीची गुळगुळीत पट्टी सापडते, तिच्यावरून जायचं.

खाली लिंपियोपुंगोच्या उथळ तलावाभोवतीचं पठार पाहिलं की आधी शांत वाटतं. रानघोडे चरत असतात, समोर रुमिन्याहुईची दातेरी शिखरं. मग लक्षात येतं की या सपाटीवर माणसाहून मोठाले धोंडे विखुरलेले आहेत आणि त्यांना इथे आणण्याएवढी मोठी नदी दिसत नाही. ते लाहारनं, म्हणजे ज्वालामुखीच्या चिखललोटानं, आणले. कोटोपाक्सीची खरी भीती लाव्ह्याची नाही. २६ जून १८७७ला डोंगर फुटला, तेव्हा तापलेल्या राखेचे लोट हिमनदीवरून खाली आले, बर्फाचा वरचा थर क्षणात वितळला आणि पाणी, राख, धोंडे यांचा घट्ट रेंदा नद्यांच्या पात्रांतून सुटला. लाताकुंगा शहरापर्यंत पोचायला त्याला तासाभराहून कमी वेळ लागला. उत्तरेकडचा लोट तर लोस चियोसच्या खोऱ्यातून एस्मेराल्दास नदीच्या वाटेनं थेट प्रशांत महासागराला जाऊन मिळाला. आता त्याच खोऱ्यात क्विटोची उपनगरं आहेत. २०१५च्या ऑगस्टमध्ये डोंगर पुन्हा जागा झाला, २०२२च्या शेवटी परत राख टाकू लागला. क्विटोच्या पॉलिटेक्निकची भूभौतिकी संस्था रात्रंदिवस त्याची नाडी मोजत असते आणि खोऱ्यांमध्ये भोंगे बसवले आहेत.

आमचा वाटाड्या लाताकुंगाकडचा. २०१५पासून त्याच्या आईनं घराच्या दाराशी एक पिशवी भरून ठेवली आहे: कागदपत्रं, ब्लँकेट, टॉर्च, औषधं, राखेसाठी मास्क. दर काही महिन्यांनी ती औषधांच्या तारखा बघते आणि पिशवी परत भरते. “तुम्ही इथे कामाला येता ते तिला कसं वाटतं?” मी विचारलं. “ती म्हणते, डोंगरावर असलास तर निदान खोऱ्यात तरी नसशील,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात काळजी होती आणि हिशेबही होता. उंचवट्यावर जायचं, पात्रात थांबायचं नाही. तिथली मुलं हे शाळेतच शिकतात.

या पठारावर वाटाड्याचा एकच नियम कडक होता: रस्ता सोडून गवतात चाक घालायचं नाही. गवताळ पठाराला तिथे पारामो म्हणतात. रस्त्यावरून पाहिलं तर पिवळट गवताचे झुबके आणि मधूनमधून गादीसारख्या दाट वनस्पती, एवढंच दिसतं. महत्त्वाची आहे ती खालची माती. राखेचे कण शतकानुशतकं थंडीत आणि धुक्यात कुजलेल्या मुळांशी मिसळून ती काळी, सच्छिद्र माती होते आणि स्वतःच्या वजनाहूनही जास्त पाणी धरून ठेवू शकते. क्विटोच्या नळाला येणारं पाणी बरंचसं कोटोपाक्सी आणि अंतिसाना या दोन डोंगरांच्या परिसरातल्या पारामोतून झिरपत येतं. चाकानं ती माती एकदा दाबली गेली की तिची छिद्रं मिटतात, चाकोरी पडते, पावसाचं पाणी त्या चाकोरीनं वाहून जातं आणि दोन-चार हंगामांत तिथे ओघळ तयार होतो. काही ठिकाणी मोटारसायकलींनी पाडलेल्या अशा जखमा मी पाहिल्या. सायकलवाल्यांना आपण निसर्गाचे मित्र आहोत असं मनापासून वाटत असतं. मलाही वाटतं. पण पारामोत ही मैत्री रस्त्याच्या कडेपर्यंतच ठेवावी लागते, आणि ज्याला मोकळ्या उतारावर उधळायचं आहे त्यानं वरच्या उघड्या राखेवर, आखलेल्या वाटेनंच उधळावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

तिथून दक्षिणेला रिओबाम्बा. हे शहर २,७५० मीटरवर वसलं आहे आणि त्याच्या एका बाजूचं सगळं आकाश चिंबोराझोनं व्यापलेलं आहे. दुपारनंतर तो ढगात जातो, म्हणून सकाळीच पाहायचा. उंची ६,२६३ मीटर, म्हणजे एव्हरेस्टपेक्षा अडीच हजार मीटरहून ठेंगणा. पण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे आणि चिंबोराझो विषुववृत्ताच्या जेमतेम दीड अंश दक्षिणेला. त्यामुळे पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर त्याचं शिखर जगात सर्वांत दूर, ६,३८४ किलोमीटरवर, एव्हरेस्टच्या टोकापेक्षा सुमारे दोन किलोमीटर जास्त. पृथ्वीचा हा फुगवटा खरा आहे की नाही हे मोजायलाच १७३६ मध्ये ला कोंदामीन, बूगे आणि त्यांचे सहकारी फ्रान्सहून इथे आले होते. बूगेनं १७३८ मध्ये चिंबोराझोच्या बर्फाळ उतारावर ओळंबा लावून पाहिलं, एवढा मोठा डोंगर ओळंब्याचा दोरा स्वतःकडे किती ओढतो ते. ओढ सापडली, पण त्याच्या अंदाजापेक्षा खूपच कमी. पुढे १७७४ मध्ये स्कॉटलंडच्या शिहॅलियन डोंगरावर तोच प्रयोग नीट करून पृथ्वीची घनता काढली गेली. गवंड्याचा ओळंबा घेऊन पृथ्वी तोलायला निघालेल्या त्या माणसाबद्दल मला अपार आदर वाटतो.

चिंबोराझोवर कारेल निवाऱ्यापर्यंत, साधारण ४,८५० मीटरवर, गाडी जाते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. सायकल टपावरून उतरवण्याएवढं काम केलं तरी श्वास घ्यायला थांबावं लागतं. वाटाड्यानं सगळ्यांच्या टायरांवर अंगठा दाबून पाहिला आणि थोडी थोडी हवा सोडली. रिओबाम्बात भरलेला टायर इथे आणला की बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे दोन-तीन पीएसआय जास्त कडक होतो, आणि राखेवर कडक टायर म्हणजे पाय घसरण्याचीच हमी. निवाऱ्याजवळ या डोंगरावर जीव गेलेल्या गिर्यारोहकांची लहान लहान स्मारकं आहेत. त्यांच्यामधून सायकल हातानं ढकलत नेली. चढून बसावंसं कुणालाच वाटलं नाही.

या निवाऱ्याला ज्याचं नाव आहे तो ज्याँ-आंत्वान कारेल, आणि वरच्या निवाऱ्याला ज्याचं नाव आहे तो एडवर्ड व्हिंपर. दोघं आणि कारेलचा भाऊबंद लुई जानेवारी १८८० मध्ये चिंबोराझोच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचले. लोकांनी विश्वास ठेवला नाही, म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये व्हिंपर दोन इक्वेडोरी साथीदारांना, दाविद बेल्त्रान आणि फ्रान्सिस्को काम्पान्या यांना, बरोबर घेऊन पुन्हा चढला. त्या सकाळी त्यांच्या डोळ्यांसमोर जवळपास शंभर किलोमीटरवरचा कोटोपाक्सी उडाला. राखेचा खांब आभाळात चढला, वाऱ्यानं वळला, आणि चिंबोराझोच्या शिखरावरच्या बर्फावर त्यांच्या अंगावर राख पडू लागली. चिंबोराझो स्वतः सुमारे दीड हजार वर्षं फुटलेला नाही. तरी त्याच्या अंगावर शेजाऱ्यांची राख पडतच असते, कधी कोटोपाक्सीची, कधी तुंगुराहुआची, हल्ली सांगाय ज्वालामुखीची. मी ज्या उतारावरून जात होते तो कुणा एकाचा नव्हताच.

पश्चिमेचा उतार म्हणजे एल अरेनाल, वाळूचा माळ. पूर्वेकडून येणारे ॲमेझॉनचे ढग डोंगराच्या त्या अंगावर रिकामे होतात आणि या अंगाला फक्त वारा येतो. तो इतका जोराचा की समोरून आला तर उतारावरही पेडल मारावं लागतं आणि बाजूनं आला तर सायकल तिरकी धरून चालवावी लागते. कोटोपाक्सीच्या तांबड्या वळणांनंतर हा फिकट, करडा, जवळजवळ उघडा माळ पाहून माझ्या पोटात खड्डा पडला. तिथे विकुन्या चरत होत्या. उंटाच्या कुळातला हा नाजूक प्राणी इक्वेडोरमधून पूर्ण नाहीसा झाला होता. १९८७ मध्ये चिंबोराझोभोवती अभयारण्य झालं आणि १९८८ पासून पेरू, चिली या देशांतून आणून विकुन्या इथे सोडल्या गेल्या. आज त्या हजारोंच्या संख्येनं आहेत. मेंढ्यांचे खूर टणक असतात आणि पातळ माती उकरतात. विकुन्याच्या पायाला मऊ गादी असते. वाटाड्यानं त्यांचे ठसे दाखवले, आमच्या टायरच्या खुणांशेजारी ते जेमतेम दिसत होते. आम्ही सगळेच मग बराच वेळ एकाच चाकोरीतून, एकामागून एक उतरत राहिलो.

अभयारण्याच्या फाटकानंतर रस्ता डोंगराच्या ओल्या अंगाला वळतो, आणि तास-दीड तासात जमीन अशी बदलत जाते की विश्वास बसत नाही. आधी एकटं-दुकटं गवत, मग नारिंगी फुलांचं चुकिराग्वाचं झुडूप. थंडीत तग धरणारा एक हमिंगबर्ड त्यावर येतो, त्याच्या शास्त्रीय नावातच चिंबोराझो आहे. मग सलग पारामो, मग पहिलं वाफे पाडलेलं शेत. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट २३ जून १८०२ला याच डोंगरावर चढला, शिखराखाली एका घळीनं त्याला अडवलं, आणि परत आल्यावर त्यानं चिंबोराझोचा उभा छेद काढून कोणत्या उंचीवर कोणती वनस्पती उगवते ते चित्रात लिहिलं. ते चित्र १८०७ मध्ये छापलं गेलं. २०१२ मध्ये संशोधकांनी तेच उतार पुन्हा मोजले आणि वनस्पती सरासरी पाचशे मीटरहून जास्त वर सरकल्याचं मांडलं. नंतर दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की हम्बोल्टच्या नोंदींपैकी बऱ्याच मुळात अंतिसाना डोंगरावरच्या होत्या आणि सरकणं त्याहून कमी आहे. पण सरकल्या आहेत हे दोघांनाही मान्य. म्हणजे त्या चित्रातल्या रेषा माझ्या चाकाखालून वर निघाल्या आहेत, आणि त्यांच्या वर जागा थोडीच उरली आहे.

बर्फही वर निघाला आहे. या डोंगराचा बर्फ कापून, गवतात गुंडाळून, गाढवांवर लादून रिओबाम्बाच्या बाजारात विकण्याचा धंदा कित्येक पिढ्या चालला. शेवटचा बर्फवाला म्हणून देशभर माहीत असलेले बाल्तासार उश्का २०२४च्या ऑक्टोबरमध्ये वारले. त्यांच्या बर्फाचं सरबत बाजारात मिळे. बर्फाच्या कारखान्यांनी त्यांच्या बरोबरीच्या माणसांना केव्हाच घरी बसवलं होतं आणि उश्का तरीही आठवड्यातून एक-दोनदा वर जात राहिले. हाताच्या बोटांना ब्रेकमुळे आलेल्या बधिरपणाची कुरकुर करत असताना मला त्यांची आठवण झाली आणि मी हातमोजे घट्ट केले.

गावं सुरू झाली तशी पोरं रस्त्याच्या कडेला येऊन ओरडायला लागली, “कारापास! कारापास!” रिचर्ड कारापास त्यांच्याच देशाच्या उत्तरेकडच्या डोंगरी गावातला. त्यानं २०१९ची जिरो द इतालिया जिंकली आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये रोड रेसचं सुवर्ण आणलं. सायकलवरून हेल्मेट घालून जाणारा कुणीही त्या पोरांसाठी कारापासच, मग ती चाळिशीतली बाई का असेना.

सान हुआन गावाच्या वर एका शेताच्या बांधावर आम्ही थांबलो. तिथे रस्त्याच्या कापात कांगाहुआ दिसत होता. जुन्या राखेचा हा दगडासारखा कडक झालेला पिवळसर थर. शेतकरी तो कुदळीनं फोडतात, त्यात शेणखत आणि पालापाचोळा घालतात आणि काही वर्षांनी ती शेतजमीन होते. लाल शाल पांघरलेली, हॅट घातलेली एक बाई बटाट्याला भर देत होती. वाटाड्या तिच्याशी किचुआत बोलला, मग ती आमच्यासाठी स्पॅनिशकडे वळली. २०२१च्या मार्चमध्ये सांगाय ज्वालामुखीची राख पडली, ते तिनं सांगितलं. दुपारी अंधार झाला, कोंबड्या झोपायला गेल्या, आणि सकाळी सगळा चारा करडा. गुरं तोंड लावेनात, लावलं तर दात झिजतात. घरातल्या सगळ्यांनी बसून पाला झटकला.

“आणि त्या राखेचं पुढे काय झालं?” मी विचारलं.

तिनं कुदळीनं मातीकडे बोट केलं. “नांगरली. इथेच आहे.”

मग तिनं विचारलं, आमच्या देशात ज्वालामुखी आहे का. मी सांगितलं, आमच्या भागात फार पूर्वी होता, आता फक्त त्याचा दगड आणि त्याची माती आहे.

“कशी आहे माती?”

“काळी. पाऊस पडला की चिकटते, उन्हाळ्यात भेगा पडतात.”

“बटाटा येतो?”

“येतो. तीन-साडेतीन महिन्यांत निघतो.”

तीन महिने ऐकून तिनं कुदळ खाली ठेवली. वाटाड्याकडे वळून किचुआत काहीतरी विचारलं, बहुधा मी खरं सांगते आहे का ते. “आमच्याकडे सहा लागतात,” ती म्हणाली, “थंडी.” आणि मग तिला बाकीचं सगळं हवं होतं: पाणी कुठून देता, बी कुठलं, कीड कोणती लागते, भाव काय मिळतो. खाली रिओबाम्बाकडे डांबरी रस्ता दिसत होता आणि पश्चिमेकडून ढग येत होते. वाटाड्यानं दोनदा घड्याळ पाहिलं. आम्ही कीड या विषयावर होतो.